पट्टा पडणाऱ्याला झेलत नाही

गेल्या आठवड्यात पावसात आमच्या गल्लीतली लाईट गेली. वायरमन आला, पोलवर चढला. कंत्राटी पोरगा, पंचविशीच्या आतला. कमरेला पट्टा होता, पण त्याचा हूक कुठंच अडकवलेला नव्हता, नुसता लोंबत होता. खाली आल्यावर विचारलं, तर म्हणाला, "काका, पट्टा घातलाय ना!"

त्याचं चुकलं म्हणून सोडून देता येईल. पण हाच गैरसमज जगात फार जुना आहे, आणि तो महागात पडलेला आहे.

अमेरिकेत आधी तारायंत्राचे, मग टेलिफोनचे आणि विजेचे लाकडी खांब गावोगाव उभे राहिले. लाईनमन बुटांना टोकदार लोखंडी आकडे बांधून, ते लाकडात रोवत वर चढायचा. कमरेला रुंद चामडी पट्टा, दोन्ही बाजूंना एकेक कडी. कडीतून निघालेली वादी खांबाला वळसा घालून दुसऱ्या कडीत अडकवायची आणि मागं रेलायचं, की दोन्ही हात मोकळे. पट्टा होता तो एवढ्यासाठीच. काम करता यावं म्हणून. पडलेल्याला झेलावं म्हणून नाही.

आकडा निसटला तर वादी खांबावरून सरकत माणसासोबत खाली यायची. आडवा दांडा ओलांडताना ती सोडावी लागायची. तेवढा वेळ आधार फक्त स्वतःच्या हातापायांचा.

११ ऑक्टोबर १८८९ ला न्यूयॉर्कच्या भर वस्तीत जॉन फीक्स नावाचा लाईनमन तारांच्या जंजाळात विजेनं मेला. खाली जमलेली गर्दी बघत होती. दोन वर्षांनी सेंट लुईसमध्ये हेन्री मिलर या लाईनमननं सोबत्यांना घेऊन वीज कामगारांची संघटना काढली. त्या काळी काही भागांत दोनातला एक लाईनमन कामावर मरायचा, असं त्या संघटनेचा इतिहास सांगतो. खुद्द मिलर १८९६ मध्ये वॉशिंग्टनला काम करताना शॉक लागून खाली पडला आणि गेला.

नियम बदलायला मात्र शंभर वर्षं लागली. माणूस पडला तर सगळा हिसका कमरेवर येतो, पोटाला आणि मणक्याला इजा होते, कधी माणूस पट्ट्यातून निसटतोही. म्हणून पडणाऱ्याला झेलण्यासाठी कमरपट्टा वापरायला अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. त्या कामाला खांदे आणि मांड्या धरणारा हार्नेस. आपोआप न उघडणारे, लॉकचे हूकही तेव्हापासूनच सक्तीचे. पट्टा उरला तो फक्त जागेवर रेलून काम करायला. २०१५ पासून तर तो असा बांधावा लागतो, की माणूस दोन फुटांपेक्षा जास्त पडूच नये. चढता-उतरतानाही आधार हवा, हा नियमही तेव्हाचाच.

आपल्याकडं खांब सिमेंटचे नाहीतर लोखंडी, त्यामुळं आकडे नाहीत, शिडी असते. पण पट्ट्याचं गणित तेच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत हातमोजे, बूट, हेल्मेट यांच्यासोबत सेफ्टी बेल्ट देण्याची अट आहे. देण्याची. पण तो कसा वापरायचा हे त्या पोराला कुणी शिकवलं का? हूक अडकल्याचा आवाज ऐकून भागत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. शिवण उसवलेली, कडी वाकलेली असेल तर तो पट्टा घालायचाच नाही. आणि एकदा पडण्याचा हिसका बसलेला पट्टा वरून धड दिसला तरी बाद.

वीस वर्षांच्या बातमीदारीत पोलवरून पडलेल्या वायरमनच्या बातम्या मी सिंगल कॉलमात दिल्यात. पट्टा होता का, हूक कुठं होता, हे विचारलंच नाही. ती चूक माझी.

आता लाईट गेली की फोन करून "किती वेळ?" विचारण्याआधी एवढं करा. तो चढला की वर बघा. हूक लोंबताना दिसला तर खालून हाक मारा, "भाऊ, आधी हूक लाव. आम्हाला घाई नाही."