छंदाचा संगणक अवकाशात कसा पोहोचला?

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आलेला रास्पबेरी पाय मुळात विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी घडवलेला, एकाच बोर्डावर मावणारा संगणक होता. अभियंत्यांनी मात्र त्याच्याकडे स्वतःच्या सर्किट बोर्डावर बसवण्याजोगा सुटा भाग म्हणून पाहिले. ही गरज ओळखून २०१४ मध्ये मेमरीच्या पट्टीसारखा खाचेत बसणारा ‘कम्प्युट मॉड्यूल’ आला. २०१५ मध्ये अवघा ६५ मिमी लांब व ३० मिमी रुंद ‘पाय झीरो’ आला. त्याच्या कडेला पिनांसाठी ४० छिद्रे होती.

अशा जोडणीत प्रोसेसर आणि मेमरी यांमधील अतिवेगवान संदेशमार्गांची किचकट आखणी आयती मिळते. उरलेली जबाबदारी मात्र यजमान बोर्डाची असते. वीजपुरवठा स्थिर हवा. प्रक्षेपणाच्या कंपनांत केवळ पिनांवर विसंबता येत नाही. स्क्रूंचा आधार लागतो. निर्वातात वारा नसल्याने उष्णता धातूतून वाहून न्यावी लागते किंवा प्रारणाद्वारे बाहेर टाकावी लागते.

२२ एप्रिल २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी५५ झेपावले. त्याच्या चौथ्या टप्प्यावर, म्हणजे ‘पोएम-२’वर, बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेचे ‘स्टारबेरीसेन्स’ हे उपकरण होते. आकाशाचे छायाचित्र घेऊन, तारे ओळखून स्वतःची दिशा ठरवणाऱ्या या उपकरणाचा मेंदू होता पाय झीरो.

अवकाशासाठी खास घडवलेले घटक महाग असतात. बाजारातील स्वस्त बोर्ड काटेकोर चाचण्यांना उतरला, तर लहान प्रयोगशाळेलाही अवकाशाचे दार उघडते. स्टारबेरीसेन्सचे महत्त्व यातच आहे.