डार्टमथ कॉलेजच्या दप्तरांतील विद्यार्थ्यांचीं पत्रें व भाषणें

१

बखरीपेक्षां अस्सल पत्र अधिक विश्वसनीय, हा दंडक कै. राजवाडे यांनीं घालून दिला व महाराष्ट्रांतील संशोधकांनीं तो शिरोधार्य मानला, याला आतां शतकाहून अधिक काळ लोटला आहे. दंडक योग्यच आहे. परंतु कागद अस्सल ठरला म्हणजे त्यांतील प्रत्येक विधानही खरें ठरलें, असें समजण्याकडे पुष्कळांचा कल असतो. तो मात्र तपासून पाहिला पाहिजे. पत्र कोणीं लिहिलें व केव्हां लिहिलें, हें पाहण्याची आपणांस संवय आहे. तें कोणाच्या नजरेखालीं लिहिलें गेलें, आणि लिहिल्यानंतर कोणाच्या हातीं राहिलें, हे दोन प्रश्न त्या मानानें क्वचित् विचारले जातात. या दोन प्रश्नांवांचून जें वाचतांच येत नाहीं, असें एक परदेशीय दप्तर वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर प्रांतांत हॅनोव्हर येथें असलेल्या डार्टमथ कॉलेजचें हें दप्तर होय.

या कॉलेजचा संस्थापक एलिझर व्हीलॉक (१७११–१७७९) हा कनेक्टिकटमधील लेबनन या गांवचा ख्रिस्ती धर्मोपदेशक. १७४३ च्या डिसेंबरांत मोहेगन जमातीचा सॅम्सन ऑकम नांवाचा वीस वर्षांचा तरुण त्याच्याकडे शिकावयास आला व सुमारें चार वर्षें राहिला. अमेरिकेच्या मूळच्या रहिवाशांपैकीं एकास शिकविण्याचा हा प्रयोग यशस्वी झालेला पाहून व्हीलॉकनें १७५४ मध्यें डेलावेअर जमातीचे दोन मुलगे आणविले व त्या तद्देशीयांकरितां शाळा सुरू केली. जोशुआ मूर नांवाच्या गृहस्थानें घर व जमीन दिली म्हणून ती शाळा मूरच्या नांवानें चालूं लागली. पुढें ऑकम स्वतः धर्मोपदेशक झाला. शाळेसाठीं द्रव्य जमविण्यास त्याला नथानिएल व्हिटकर या सहकाऱ्याबरोबर १७६५ च्या अखेरीस इंग्लंडला पाठविण्यांत आलें. १७६८ पर्यंत त्यानें तेथें तीनशेंहून अधिक प्रवचनें केलीं. सुमारें १२,००० पौंड गोळा झाले. त्यांत राजा तिसऱ्या जॉर्जचे २०० पौंड होते. त्यानंतर १३ डिसेंबर १७६९ रोजीं कॉलेजची सनद मिळाली, व १७७० मध्यें व्हीलॉक आपला पसारा घेऊन हॅनोव्हरच्या अरण्यांत गेला.

व्हीलॉक हा कागद जपणारा मनुष्य होता. आलेलीं पत्रें तो ठेवी, व आपण लिहिलेल्या पत्रांचे मसुदे किंवा नकलाही ठेवी. यामुळें विद्यार्थ्यांचीं पत्रें, त्यांचे कबुलीजबाब, हिशेब, भाषणांच्या प्रती व सनदेचीं टिपणें एकाच ठिकाणीं राहिलीं. त्यांतील तद्देशीय विद्यार्थ्यांच्या पत्रांचा संग्रह मॅकॅलम यांनीं संपादून कॉलेजतर्फे १९३२ मध्यें प्रसिद्ध केला.

२

प्रथम शाळेंत असतांना लिहिलेल्या कागदांचा विचार करूं. यांत विद्यार्थी स्वतःस अयोग्य, कृतघ्न, दीन असें म्हणवून घेतात व गुरूच्या उपकारांचा पाढा वाचतात. आपल्याकडे ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंति विशेष’ हा मायना वाचून लिहिणाऱ्याच्या मनांत भक्ति दाटली होती असें कोणी अनुमान करीत नाहीं. तोच न्याय येथें लावावयास हवा. हा त्या मुलांस शिकविलेला मायना होता.

कबुलीजबाबांची गोष्ट याहून नाजूक आहे. मद्यपान केलें, राग केला, शिस्त मोडली, तर विद्यार्थ्याकडून अपराधाची लेखी कबुली घेण्याची रीत होती. जेकब वूली याची १७६३ ची व नॅरॅगन्सेट जमातीच्या मेरी सेक्युटर हिची १७६८ ची कबुली उपलब्ध आहे. अशा कांहीं कागदांत मजकूर एका हातचा व खालची सही दुसऱ्या हातची आढळते. कागद अस्सल, मिति अस्सल, सही अस्सल. पण वाक्यें कोणाचीं? मोडी दप्तरांत कारकुनाचें अक्षर व धन्याची निशाणी पाहणाऱ्यांस हा भेद समजावून सांगणें नको. फरक इतकाच कीं, तेथें धनी सांगे व कारकून लिही. येथें गुरु लिही व शिष्य सही करी.

मग विद्यार्थ्यांचें खरें म्हणणें सांपडावें कोठें? शाळेपासून दूर गेल्यावर लिहिलेल्या पत्रांत तें सांपडूं लागतें. मॉन्टॉक जमातीचा डेव्हिड फाउलर हा ऑकमचा मेहुणा. १७६५ मध्यें तो ओनायडा लोकांत शिक्षक म्हणून गेला. तेथून लिहिलेल्या पत्रांत उपासमार, अन्नाची घाण, एकटेपणा यांचीं वर्णनें मोकळेपणानें येतात. आणि १७६६ मध्यें खर्चाविषयींचा गुरूचा ठपका कानीं आल्यावर आपण दुखावलों आहों, हेंही तो लपवीत नाहीं. मायना जुनाच आहे. पण त्याच्या खालीं एक स्वाभिमानी मनुष्य बोलूं लागला आहे.

दुसरा मार्ग तिऱ्हाइताच्या पत्राचा. हेझेकाया कॅल्व्हिन हा डेलावेअर विद्यार्थी. विद्यार्थ्यांकडून कामच फार करून घेतात, त्यांस पुरेसें शिकूं देत नाहींत, ही त्याची तक्रार आपणांस कळते ती एडवर्ड डीक या शिक्षकानें १७६८ च्या जूनमध्यें व्हीलॉकला धाडलेल्या पत्रावरून. म्हणजे गाऱ्हाणें दप्तरांत शिरलें तें तक्रारदाराच्या हातानें नव्हे, तर बातमी देणाऱ्याच्या हातानें. आणि १७६९ च्या आरंभीं ओनायडा लोकांनीं आपलीं मुलें शाळेंतून परत नेलीं, हा तर अक्षरांत न लिहिलेला, पण सर्वांत स्पष्ट असा जबाब होय.

३

व्हीलॉक १७६३ पासून १७७५ पर्यंत शाळेचीं छापील वृत्तें काढीत असे. तीं वर्गणीदारांसाठीं होतीं, व तीं वाचून कार्य भरभराटीस येत आहे अशी कोणाचीही समजूत व्हावी. याच काळांतील ऑकमचे दोन हस्तलिखित कागद त्या वृत्तांशेजारीं ठेवून पाहावे.

पहिला कागद १७ सप्टेंबर १७६८ चा, ऑकमच्या स्वहस्ताचें छोटें आत्मवृत्त. तो खरा मोहेगन नव्हे, इंग्लंडास नेण्यापुरता नुकताच बाटविलेला आहे, अशा कंड्या पिकल्या होत्या. त्यांस उत्तर म्हणून त्यानें हें लिहिलें. त्यांत तो हिशेबच मांडतो. लाँग आयलंडवर शिक्षक व उपदेशक म्हणून केलेल्या बारा वर्षांच्या कामाबद्दल त्यास १८० पौंड मिळाले. तितकीच रक्कम एका गोऱ्या मिशनऱ्यावर, त्याचा दुभाषी व सोबती धरून, एका वर्षांत खर्च झाली. असें कां, याचें कारण आपण तद्देशीय आहों एवढेंच, असा त्याचा निष्कर्ष आहे. हा कागद छापून निघाला तो १९८२ मध्यें. दोनशें चौदा वर्षें तो दप्तरांत पडून होता.

दुसरा कागद २४ जुलै १७७१ चें व्हीलॉकला लिहिलेलें पत्र. गोरे विद्यार्थी पुष्कळ, तद्देशीय थोडे किंवा मुळींच नाहींत, हें पाहून आपण खचलों आहों, असें ऑकम लिहितो. लॅटिन भाषेंत विद्यालयास ‘आल्मा मातेर’, म्हणजे पोषण करणारी माता, म्हणण्याचा संप्रदाय आहे. ऑकम ‘आल्मा’चें ‘आल्बा’ करितो. ‘आल्बा’ म्हणजे गोरी. ही माता इतकी गोरी होईल कीं, सांवळ्या लेंकरांस ती पाजणार नाहीं, असें तो सुचवितो. गुरूनें शिकविलेली लॅटिन शिष्यानें गुरूपुढेंच अशी ठेवली! ज्याच्या प्रवचनांवर बारा हजार पौंड जमले, त्यानें हें लिहिलें आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे एका अक्षराच्या या कोटीचें वजन कळतें.

ऑकमचा संशय साधार होता, याची साक्ष सनदेचे कागदच देतात. सनदेंत तद्देशीय जमातींच्या मुलांचें शिक्षण हा हेतु आधीं व इंग्रज तरुणांचें शिक्षण नंतर लिहिलें आहे. व्हीलॉकच्या मसुद्यांत मात्र आधीं इंग्रज होते. तें खोडून क्रम बदलण्यांत आला. पक्की सनद धन्याची इच्छा जगाला सांगते. खाडाखोडीचा मसुदा ती आपणांस सांगतो. म्हणून मसुदे हे पक्क्या कागदांची रद्दी समजून टाकूं नयेत.

४

आतां भाषणें. मोहेगन जमातीचा जोसेफ जॉन्सन हा वयाच्या सातव्या वर्षीं, १७५८ मध्यें, शाळेंत आला. व्हीलॉकला लिहिलेल्या पत्रांत त्यानें आत्मनिंदेचा मायना पुरेपूर वापरला आहे. हाच जॉन्सन २० जानेवारी १७७४ रोजीं ओनायडा लोकांपुढें न्यू इंग्लंडमधील जमातींच्या वतीनें बोलण्यास उभा राहतो. आपल्या पूर्वजांनीं जमिनी इंग्रजांस विकल्या, आपण निर्धन झालों, आतां आपणांस वसण्यास जागा द्या, असें त्याचें मागणें आहे. नम्रता येथेंही आहे. पण ती आत्मनिंदा नव्हे. धाकट्या भावानें थोरल्यापुढें धरावी तशी ती सभेची मर्यादा आहे. ओनायडांनीं त्यांस धाकटे बंधु मानलें, व त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत जमिनीचें दानपत्र झालें. एकाच लेखकाचे हे दोन सूर वाचले म्हणजे पहिला सूर किती त्याचा व किती शाळेचा, हें ठरवितां येतें.

याच कॉलेजचा सर्वांत विख्यात वक्ता डॅनिएल वेब्स्टर. विद्यार्थी असतांना ४ जुलै १८०० रोजीं त्यानें हॅनोव्हर येथें केलेलें भाषण त्याच वर्षीं छापलें गेलें. त्याच्या पाठाबद्दल वाद नाहीं. परंतु ज्या भाषणानें त्याचें नांव कॉलेजशीं कायमचें जोडलें, तें १० मार्च १८१८ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांतील. न्यू हॅम्पशायर सरकारनें कॉलेजची सनद बदलण्याचा घाट घातला होता, त्याविरुद्धचा हा दावा. कॉलेज लहान असलें तरी त्यावर जीव टाकणारे आहेत, अशा अर्थाचा त्यांतील समारोप आजही सांगितला जातो. मात्र वेब्स्टरच्या छापील युक्तिवादांत तो नाहीं. त्या दिवशीं हजर असलेले येल येथील प्राध्यापक गुडरिच यांनीं १८५२ मध्यें, म्हणजे चौतीस वर्षांनीं, आठवणीवरून तो रूफस चोट यांस कळविला, आणि चोट यांच्या १८५३ मधील वेब्स्टरवरील स्मारक भाषणानें तो सर्वत्र झाला. तो सर्वस्वीं कल्पित आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण पुराव्याच्या प्रतवारींत त्याची जागा बखरीशेजारीं आहे, पत्राशेजारीं नव्हे. कॉलेजच्या थोर पुत्राचें हें आठवणींतलें वाक्य सर्वांच्या तोंडीं झालें, आणि ऑकमचा अस्सल कागद रुमालांत राहिला.

२ फेब्रुवारी १८१९ रोजीं न्यायालयानें ठरविलें कीं, सनद हा करार आहे व सरकारास तो मोडतां येत नाहीं. करार असा अभंग ठरला खरा. पण त्यांत ज्यांचें नांव पहिलें, त्यांपैकीं कॉलेजच्या पहिल्या दोनशें वर्षांत पदवी मिळाली ती एकोणीस जणांस. १९७० मध्यें कॉलेजनें मूळ हेतूकडे पुन्हां लक्ष वळविलें.

५

राहिला ताब्याचा प्रश्न. २७ एप्रिल २०२२ रोजीं डार्टमथ कॉलेजनें ऑकमच्या हातचे मूळ कागद, म्हणजे पत्रें, रोजनिशा, प्रवचनें व वनस्पतींचीं टिपणें, कनेक्टिकटमधील मोहेगन जमातीच्या स्वाधीन केले. त्यांच्या प्रतिमा त्यापूर्वींच सर्वांस पाहण्यास खुल्या झाल्या होत्या. यांतील पत्रें रीतसर कॉलेजच्या संस्थापकास लिहिलेलीं होतीं. तीं ठेवून घेतलीं असतीं तरी चोरीचा आरोप कोणास करतां आला नसता. तरीही तीं परत गेलीं, ही गोष्ट संग्राहकांनीं विचारांत घेण्याजोगी आहे.

कॉलेजनें हे कागद अडीच शतकें जपले नसते, तर कॉलेजविरुद्धची साक्षच नष्ट झाली असती. हें श्रेय दिलेंच पाहिजे. परंतु जपणें म्हणजे प्रकट करणें नव्हे. ज्याच्या ताब्यांत दप्तर असतें, तो छापील वृत्त आधीं काढतो व गाऱ्हाण्याचा कागद मागें ठेवतो, मग त्याच्या मनांत कपट असो वा नसो. आपल्याकडेही वाड्यावाड्यांतून रुमाल बाहेर आले, विभागले गेले, व पुष्कळांचें मूळ घर आज सांगतां येत नाहीं. यास्तव आमची सूचना एवढीच कीं, कागद कोणत्या घरांतून, कोणत्या रुमालांतून आला याची नोंद कागदाबरोबरच ठेवावी. मसुदा व पक्की प्रत एकमेकांपासून तोडूं नयेत. आणि ज्या घराण्याचा कागद, त्यास निदान त्याची प्रतिमा पोंचवावी. पत्रावरील मिति व हस्ताक्षर आपण आजवर तपासीत आलों. लिहिणाऱ्याच्या पाठीशीं कोण उभा होता, हें तपासल्याशिवाय अस्सल पत्रही अर्धेंच वाचलें जातें, हें डार्टमथचें दप्तर सांगतें.