तुपाचा डबा, हिरवा ठिपका आणि चाळीसगावची शेवभाजी

गेल्या महिन्यात टीममधली एक मैत्रीण विकांताला आमच्या गावी आली होती. पाटणादेवी, भास्कराचार्य, केकी मूस यांचा स्टुडिओ वगैरे दाखवायचा बेत होता. तो पार पडला, पण खरी परीक्षा जेवणाची निघाली. बाईसाहेब व्हेगन! म्हणजे मांस-मासे-अंडी तर नाहीच, दूध, दही, तूप, ताक, मध पण नाही. मी मनात म्हटलं, झालं, आता दोन दिवस हिला केळी खायला घालायची. जळगाव जिल्हा आहे, निदान तेवढी तरी कमी पडणार नाहीत :)

धुळे रस्त्यावरच्या एका ढाब्यावर बसलो. पोऱ्याला विचारलं, "शेवभाजीत दूध, मलई, लोणी काही असतं का रे?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पुण्याला जाऊन वाया गेलोय. म्हणाला, "यामा दूध कशाला ऱ्हाई भाऊ? तेल शे निस्तं." मग जरा विचार करून त्यानेच उपाय सुचवला, "जैन करी देऊ का?" आता जैन म्हणजे कांदा-लसूण गायब आणि पनीर हजर, आमच्या पाहुणीच्या बरोब्बर उलट. पण त्याचा मुद्दा खरा होता. बेसनाची जाड तिखट शेव, भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण, काळा मसाला आणि वर बोटभर तर्री. व्हेगन शब्द कधी न ऐकता बनवलेला शंभर टक्के व्हेगन पदार्थ. रोटीच्या कणकेत मात्र दही होतं, म्हणून भाकरी घेतली. ती तशीही जास्त चांगली लागते.

नंतर बसून यादी केली तेव्हा लक्षात आलं की खान्देशी स्वयंपाकात अशा पदार्थांची रांग आहे. भरीत (भरताच्या वांग्याला तर आता जीआय मानांकन आहे), कळण्याची भाकरी, ठेचा, दाळगंडोरी, फुणके, बिबडे, पातोड्यांचा रस्सा. कढी आणि मांड्यांवरचं तूप सोडलं तर दुधाचा फारसा संबंध नाही. याचा अर्थ खान्देश शाकाहारी आहे असा अजिबात नाही हां! तोच काळा मसाला, तोच रस्सा, त्यात मटण टाकलं की मटण आणि शेव टाकली की शेवभाजी. म्हणून मैत्रिणीचा पुढचा प्रश्न रास्त होता: "पळी तीच का?" पोऱ्या गप्प. पळी तीच होती.

दुसऱ्या दिवशी परतीच्या प्रवासासाठी काहीतरी घ्यावं म्हणून किराणा दुकानात गेलो. इथे मला वाटलं सोपं काम आहे, पाकिटावर हिरवा ठिपका बघायचा की झालं. ती हसली. बिस्किटाचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरात लिहिलेलं "मिल्क सॉलिड्स" दाखवलं. हिरवा ठिपका होताच. मग चिवड्याचं पाकीट, मग चॉकलेट, मग अजून एक. दुकानदार काका वैतागले नाहीत हे त्यांचे उपकार.

त्या ठिपक्याने माझं डोकं खाल्लं, म्हणून परत आल्यावर वाचत बसलो. ठिपका आपल्या वयाहून लहान आहे. भेसळ प्रतिबंधक नियमांत एप्रिल २००१ मध्ये दुरुस्ती होऊन मांसाहारी पदार्थांवर तपकिरी ठिपका आला, आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या दुरुस्तीने शाकाहारीसाठी हिरवा. व्याख्या मात्र खास भारतीय आहे. प्राण्यापासून आलेलं काहीही मांसाहारी, अंडंसुद्धा, पण दूध आणि दुधाचे पदार्थ वगळून. म्हणजे कंडिशन लिहितानाच अपवाद घातलेला. बहुसंख्य शाकाहारी लोकांचं त्यात काही अडत नाही, व्हेगन माणसाचं सगळंच अडतं. २०२० च्या नियमांनी तपकिरी वर्तुळाच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला, कारण रंगांधळ्या माणसाला दोन्ही ठिपके सारखेच दिसायचे. (हे कळायला एकोणीस वर्षं लागली. युजर टेस्टिंग, मंडळी!) आणि व्हेगन पदार्थांचे वेगळे नियम, वेगळ्या चिन्हासकट, २०२२ मध्ये आले.

ठिपक्यावरही सगळं भागत नाही. चिप्सच्या पाकिटावर ई-६३१ असा कोड दिसतो. हा पदार्थ वनस्पतीपासूनही बनतो आणि मांस-माशांपासूनही, कोड तोच. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता कोड चालणार नाही, तो घटक वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेतला, हेही जाहीर करा. म्हणजे एन्कोडिंग केलं, पण डिकोड करायचा तक्ता ग्राहकाला द्यायचा राहिला, असा प्रकार.

पण "यातली चरबी नक्की कशाची?" हा प्रश्न पाकिटांच्या फार आधीचा. १८५७ ची काडतुसं सगळ्यांना माहीत आहेत, शाळेत मार्कही मिळालेत त्यावर. त्यानंतर १९१७ साली कलकत्त्यात तुपात चरबीची भेसळ होते यावरून मोठा गदारोळ झाला आणि लोकांनी गंगेकाठी प्रायश्चित्तं घेतली. न कळत पोटात गेलेल्या गोष्टीसाठी प्रायश्चित्त! तूप घरचं असेपर्यंत म्हैस डोळ्यांसमोर असते. ते बाजारातून डब्यात यायला लागलं की डब्यावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नाही.

आणि डबा म्हटलं की आमचा खान्देश येतोच. तेल घट्ट करण्याची युक्ती जर्मनीतल्या विल्हेल्म नॉरमानने १९०२ च्या सुमारास पेटंट केली: तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन सोडायचा, तेलाचं तुपासारखं रवाळ काहीतरी होतं. भारतात १९३७ मध्ये लिव्हरचा डालडा आला, पिवळ्या डब्यावर माडाचं झाड. नोव्हेंबर १९४४ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी "व्हेगन" हा शब्द काढून संस्था स्थापली. आणि त्यानंतर साधारण वर्षाने, २९ डिसेंबर १९४५ ला, मोहम्मद हाशम प्रेमजी यांची वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी जन्माला आली, आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला. भोवताली भुईमूग, त्यामुळे तेलाला तोटा नाही. सनफ्लॉवर नावाचं वनस्पती तूप आणि ७८७ नावाचा कपड्यांचा साबण हा त्यांचा धंदा. १९६६ मध्ये वडील गेले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्ड सोडून परत आले. पुढचं तुम्हाला माहीत आहे, विप्रो. तुमच्यापैकी कित्येकांच्या गळ्यात ते ओळखपत्र लटकून गेलं असेल. ज्या कंपनीने हजारो पोरांना कोड लिहायला बसवलं तिचा पहिला प्रॉडक्ट दुधाशिवायचं तूप होता! अमळनेरच्या ज्यांनी तेव्हा शेअर घेऊन कपाटात ठेवले त्यांच्या कथा आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत अजून चवीने सांगतात.

पण वनस्पती तुपाने जुना प्रश्न सोडवला तसा नवा तयार केला. ते स्वस्त होतं, तुपासारखं दिसायचं, आणि व्यापारी ते खऱ्या तुपात बिनदिक्कत मिसळायला लागले. गांधीजींनी "हरिजन"मधून वनस्पतीवर टीका केली. बंदी घाला, निदान त्याला रंग तरी द्या, अशा मागण्या झाल्या. रंग काही आला नाही. त्याऐवजी जो उपाय झाला तो वाचून मी खुर्चीतून उठलो. नियम असा की प्रत्येक वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल असलंच पाहिजे. चवीसाठी नाही, पकडण्यासाठी! तिळाच्या तेलात असा घटक असतो की फरफ्युरल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की गुलाबी-लाल रंग येतो. याला बोडुइन चाचणी म्हणतात. संशयित तुपाचा नमुना घ्या, चाचणी करा, गुलाबी झाला तर त्यात वनस्पती मिसळलंय. डोळ्यांना न दिसणारा, चवीला न कळणारा वॉटरमार्क, तोही संक्रांतीच्या तिळाचा. आपण डिजिटल सहीचं कौतुक करतो, हे लोक परीक्षानळीत करत होते.

यात एक भोक राहिलं. चाचणी तुपातलं वनस्पती पकडत होती, वनस्पतीत काय मिसळलंय ते नाही. १९८३ मध्ये ते भोक दिसलं. साबणासाठी वगैरे परदेशातून आणलेली गाईची चरबी वनस्पती तुपात गेल्याचं उघड झालं, संसदेत आणि रस्त्यावर गोंधळ झाला, सरकारने त्या चरबीची आयात बंद केली. माझी आजी सांगायची, त्या साली तिने घरातला वनस्पतीचा अर्धा डबा उकिरड्यावर ओतला आणि डबा चार वेळा राखेने घासून त्यात शेवटी रॉकेल ठेवलं. दिवाळीच्या करंज्या तेलात तळल्या. त्या डब्यात खरंच काही होतं की नाही हे तिला कधी कळलं नाही, कळायचा मार्गच नव्हता. मला वाटतं, हिरव्या ठिपक्याची खरी मागणी तिथे तयार झाली, फक्त तो यायला अजून अठरा वर्षं गेली. (आणि गंमत म्हणजे आज वनस्पतीची बदनामी वेगळ्याच कारणाने आहे, ट्रान्स फॅट. जानेवारी २०२२ पासून त्याची मर्यादा २ टक्के आहे.)

आता एक गोष्ट जी लिहू की नको असं करत होतो. बाहेर खाण्याचा इतिहास शोधताना "शुद्ध" या शब्दापाशी अडखळायला होतं. हॉटेलच्या पाटीवर "शुद्ध शाकाहारी" लिहिलेलं असतं तेव्हा आपण पदार्थाबद्दल वाचतो. पण रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं असण्याच्या काळात शुद्धता पदार्थाची कमी आणि वाढणाऱ्याची, शेजारी बसणाऱ्याची जास्त होती. आमचं चाळीसगाव जंक्शन, मुंबई-भुसावळ मार्गावरचं, धुळ्याचा फाटा १९०० साली सुरू झालेला. १९२९ मध्ये सरकारी समितीच्या कामाने खान्देशात आलेले डॉ. आंबेडकर धुळ्याकडून परतताना याच स्टेशनवर उतरले, वस्तीतल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला म्हणून. त्यांना न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तोडगा निघाला: टांगा भाड्याने मिळेल, हाकणार नाही. वस्तीतल्याच एकाने, ज्याला टांगा हाकता येत नव्हता, लगाम हातात घेतले. वाटेत नदीच्या मोरीवर चाक अडकलं, घोडा-टांगा खाली कोसळले आणि बाबासाहेब दगडी फरसावर फेकले गेले. पाय मोडला. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलंय. मी या गावात वाढलो, शाळेत हे मला कुणी सांगितलं नाही. घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं सगळ्यांना खुली असतील असं जे स्पष्ट लिहिलंय, ते मी नागरिकशास्त्रात पाठ करून विसरून गेलो होतो.

मैत्रिणीला हे स्टेशनवर गाडीची वाट बघताना सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी काल पळीबद्दल विचारलं, तो पोऱ्या गप्प झाला. त्याला काय वाटलं असेल?" मी म्हटलं, अगं, तुझा प्रश्न वेगळा, तू माणसाबद्दल विचारलं नव्हतंस. पण प्रश्नाचा सूर सारखा ऐकू येत असेल, हे मलाही मान्य करावं लागलं.

असो. पिशवीत बिबडे, लसणाची शेव, कळण्याचं पीठ आणि काळा मसाला असा ऐवज भरून ती पुण्याला गेली. एकाही पाकिटावर कुठलाच ठिपका नव्हता, सगळं ओळखीच्या काकूंकडून घेतलेलं. या रविवारी मी पुन्हा त्या ढाब्यावर गेलो तर पोऱ्याने ओळखलं. "त्या दूध न खाणाऱ्या ताई कोठे शेत? येताना फोन करा भाऊ, कढई घासी ठेवसू. पळी बी."