पक्षाघात : खेड्यापर्यंत पोचलेला आजार

‘अंगावरून वारे गेले’ असा शब्दप्रयोग मराठीत पूर्वापार रूढ आहे. नावात वारे असले, तरी पक्षाघाताचे मूळ मेंदूच्या रक्तवाहिन्यांत असते. रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. तोंड वाकडे होणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, वाचा अडखळणे ही लक्षणे दोन्ही प्रकारांत सारखीच दिसतात. उपचार मात्र भिन्न आहेत. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्राव झालेल्या रुग्णास दिल्यास जीवावर बेतते. त्यामुळे आधी सीटी स्कॅन करावाच लागतो आणि हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते.

ग्रामीण भारतात नेमका हा अवधीच हाती लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतील सुमारे ९४ हजार लोकवस्तीत दोन वर्षांतील मृत्यूंची कारणे शोधली. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झाले होते. तेथील मृत्यूचे हेच सर्वांत मोठे कारण निघाले. मलेरिया आणि बालमृत्यू यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आदिवासीबहुल जिल्ह्यातला हा निष्कर्ष आहे. पक्षाघात हा शहरी सुखवस्तूंचा आजार, ही समजूत त्यापुढे टिकत नाही. शिवाय यांतील सुमारे ८७ टक्के मृत्यू घरीच झाले.

मुख्य कारण उच्च रक्तदाब. तो दुखत नाही, त्यामुळे तपासला जात नाही. तपासला तरी ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी बंद केली जाते. तंबाखू, मधुमेह आणि मिठाचा अतिरेक यांची त्यात भर पडते. जो वाचतो त्याची मजुरी बुडते, आणि त्याला उठवण्या-बसवण्यासाठी घरातील आणखी एकजण, बहुधा सून किंवा मुलगी, कामास मुकते. हा भार कोणत्याही मृत्यूनोंदीत दिसत नाही.

तेलमालिश किंवा कबुतराच्या रक्ताचा लेप यांत गेलेला वेळ भरून निघत नाही. लक्षणे थोड्या वेळात आपोआप ओसरली, तरीही रुग्णालय गाठावे. तो पुढील झटक्याचा इशारा असू शकतो. रुग्ण झोपेतून उठताना लुळा आढळल्यास तो शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळ डॉक्टरांना सांगावी.