फिरंग रोगाची कुळकथा

इ. स. १४९५ च्या फेब्रुवारींत फ्रान्सचा राजा आठवा चार्लस यानें नेपल्स शहरांत प्रवेश केला. त्याच्या सैन्यांत अनेक देशांचे भाडोत्री शिपाई होते. त्यांच्यांत लवकरच एक घोर रोग उद्भवला. अंगभर फोड उठत, हाडें ठणकत आणि कित्येकांचा अंतही होई. मोहीम आटोपून शिपाई आपापल्या गांवीं परतले आणि थोड्याच वर्षांत बहुतेक युरोप या रोगानें ग्रासला.

फ्रेंचांनीं त्याला नेपल्सचा रोग म्हटलें, इटालियनांनीं फ्रेंच रोग, तर रशियनांनीं पोलिश रोग! प्रत्येकानें खापर शेजाऱ्याच्या माथीं फोडलें. ‘सिफिलिस’ हें आजचें नांव वेरोनाचा वैद्य फ्राकास्तोरो याच्या १५३० मधील लॅटिन काव्यांतल्या एका मेंढपाळाचें आहे.

हिंदुस्थानांतही तसेंच घडलें. १४९८ त वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्यास लागला; १५१० त पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें. त्याच शतकांत भावमिश्रानें ‘भावप्रकाश’ ग्रंथांत या रोगास ‘फिरंग’ हें नांव देऊन रसकर्पूर व चोपचिनी हीं औषधें सांगितलीं. युरोपांतही पाऱ्याचाच आधार होता. त्यानें तोंड येई, दांत पडत, आणि रोग मात्र पुष्कळदां तसाच राही.

खरा अपराधी १९०५ सालीं सांपडला. बर्लिन येथें शाउडिन व हॉफमन यांना सूक्ष्मदर्शकाखालीं मळसूत्रासारखा वळलेला एक जंतु दिसला. तो मुख्यतः संभोगाच्या वेळीं व्रणाच्या प्रत्यक्ष स्पर्शानें पसरतो आणि गर्भवतीकडून गर्भासही जातो. एका ताटांत जेवल्यानें किंवा कपड्यांवाटे तो लागत नाहीं.

या जंतूचा कावा त्याच्या मौनांत आहे. संसर्गानंतर सुमारें तीन आठवड्यांनीं एक कठीण व्रण उठतो. तो बहुधा दुखत नाहीं आणि उपचारावांचूनही भरून येतो. रोगी निश्चिंत होतो. पुढें अंगावर, विशेषतः तळहातांवर व तळपायांवर, पुरळ उठतें, ताप येतो, तेंही मावळतें. मग कित्येक वर्षें कांहींच दिसत नाहीं. या काळांत रक्तपरीक्षेवांचून त्याचा माग लागत नाहीं. उपचार न झाल्यास कांहीं रोग्यांच्या महारोहिणीवर किंवा मेंदूवर घाला पडतो. दृष्टि मात्र कोणत्याही अवस्थेंत जाऊं शकते.

१९१० त एर्लिख यांचें सालव्हर्सन आलें. १९४३ त अमेरिकेंत महोनी यांनीं पेनिसिलिननें रोगी बरे केले, आणि आजही तेंच मुख्य औषध आहे. तरीही रोग नाहींसा झालेला नाहीं. पूर्वी लोक दोष परक्या देशाला देत. आतां तो परक्या घरांतला रोग समजला जातो, आणि लाजेपायीं साधी रक्तपरीक्षा राहून जाते. गर्भवतीची परीक्षा व उपचार वेळेवर झाले, तर बालक बहुधा निरोगी जन्मतें. टाळले, तर तें मृत जन्मण्याचें भय असतें. त्या बालकाला फिरंगी कोण आणि स्वकीय कोण, याच्याशीं कांहीं कर्तव्य नसतें.