घोड्याची चंदी महागली तेव्हा

एप्रिल १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पुढल्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिके बुडाली. ओट हे घोड्याच्या चंदीचे धान्य. त्याचे भाव भडकले. आणि तेच धान्य गरिबाच्या पेजेचेही! जनावराचा तोबरा भरावा की लेकरांची ताटली? जर्मनीत कित्येकांनी घोडेच मारून खाल्ले.

१२ जून १८१७ रोजी बाडेनचा वनाधिकारी कार्ल द्राइस दोन चाकांच्या लाकडी यंत्रावर, पायांनी जमीन रेटीत, मानहाइमहून निघाला. त्या वाहनास चंदी लागत नव्हती. ते महागाईतूनच जन्मले, असे इतिहासकार लेसिंग मानतात. सर्वांना ते पटत नाही. पुढे पीक सुधारले, लोक पुन्हा घोड्यांकडे वळले. पेडलची सायकल येण्यास १८६० चे दशक उजाडावे लागले.