ओळीचा उजवा कांठ

गेल्या वैशाखांत आमच्या दिवंगत मातोश्रींच्या आठवणींची एक चोवीस पानी पुस्तिका छापण्याचें आम्हीं योजिलें, आणि त्यासाठीं सिडकोनें वसविलेल्या नवीन पनवेलांतील एका अक्षरजुळणीच्या दुकानीं जाऊन बसलों. अखेरच्या परिच्छेदाची शेवटची ओळ दोनच शब्दांची होती: 'आई गेली.' पडद्यावर पाहतों तों 'आई' डाव्या समासाला, 'गेली' उजव्या समासाला, आणि मध्यें चार बोटें पांढरें मैदान! परिच्छेदाचे दोन्ही कांठ सरळ राखण्याची आज्ञा दुकानांतील मुलानें शेवटच्या ओळीसही लागू केली होती. त्याच्या मतें त्यामुळें पान भरलेलें दिसत होतें. आम्हांस मात्र त्या मैदानाकडे पाहवेना. उजवा कांठ सरळ असलाच पाहिजे हा हट्ट आपल्या लेखनांत आला तरी कोठून, हा विचार घरीं येईपर्यंत सुटला नाहीं.

ज्यांनीं जुन्या पोथ्या उलगडल्या आहेत त्यांस ठाऊकच असेल कीं, तेथें हा प्रश्न सहसा उद्भवत नाहीं. पोथी लिहिणारा शब्दाशब्दांत अंतर सोडीत नसे. ओळ समासाच्या रेघेला भिडली कीं शब्द असेल तेथें तोडून तो पुढच्या ओळीला लागे. मोडींत तर आधीं रेघ ओढावयाची आणि तिच्याखालीं अक्षरें लटकवीत जावयाचें. शब्द कोठें संपला हें वाचणारानें आपल्या अकलेनें जाणावें. कांठ सरळ होत ते असे, जवळजवळ फुकटांत. शब्दांमधील मोकळी जागा आपल्याकडे रूढ केली ती छापखान्यानें, आणि ओळीच्या शेवटीं उरलेली जागा वांटावी कशी, ही विवंचनाही त्यानेंच आणली.

युरोपांतील मुद्रक तिला आधीच सरावले होते. इ. स. 1455 च्या सुमारास मेंझ येथें बायबल छापतांना गुटेनबर्गानें एकाच अक्षराचे कमीअधिक रुंदीचे खिळे पाडून आणि शब्दांचे संक्षेप करून कांठ साधला. आपल्याकडे केरीसाहेबांचें मराठी व्याकरण श्रीरामपुरास 1805 सालीं छापलें गेलें. मुंबईंत गणपत कृष्णाजींनीं 1831 सालीं पंचांग काढलें तें शिळाछापावर. शिळाछापाचा मजकूर हातानेंच लिहावयाचा असल्यामुळें लेखकाची जुनी मोकळीक तेथें अजून शाबूत होती. ती हिरावली खिळ्यांनीं. अमेरिकन मिशनच्या मुंबईंतील छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं नागरी अक्षरांचे खिळे घडविले. पुढें मुंबईच्या पद्धतींत अक्षराचे वरचे, मधले आणि खालचे तुकडे वेगळे पाडून ते एकावर एक बसवीत. यालाच डिग्रीचे खिळे म्हणत. याच छापखान्यांत काम शिकलेले जावजी दादाजी यांनीं 1864 त स्वतःचा ओतकारखाना आणि 1869 त निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या अक्षराचें वळण आजही डोळ्यांस सुख देतें.

परंतु जुळाऱ्याची अडचण वळणानें थोडीच सुटते! ओळ थोडी आंखूड भरली कीं इंग्रजी जुळारी शब्दांतील अक्षरेंही किंचित् विलग करूं शके. आपल्याकडे तसें करावें तर शिरोरेखा तुटून अक्षरें पडक्या दांतांसारखीं दिसतात. म्हणजे सगळा भार शब्दांमधील कोऱ्या खिळ्यांवर. आणि मराठी शब्द प्रत्यय घेऊन एवढा लांबतो कीं वृत्तपत्राच्या चिंचोळ्या रकान्यांत ओळीला तीन-चारच शब्द मावतात. मग भोंकें पडणार नाहींत तर काय? निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांत लांबलचक समास ओळीच्या अखेरीस लहानशी आडवी रेघ देऊन तोडलेले आढळतात. मराठींतही हीच वाट सर्रास धरावयास हवी होती असें आमचें मत आहे. इंग्लंडांत एरिक गिल यांनीं तर 1931 सालीं मुद्रणकलेवरील आपला निबंध उजवा कांठ मोकळा सोडूनच छापला.

संगणकावर पाने रचण्याचें पेजमेकर हें साधन 1985 त निघालें. त्यावर पुढें मराठी आली ती पुन्हा तुकड्यातुकड्यांनीं: काना एका कळीवर, अर्धें अक्षर दुसरीवर. ग्रॅहमसाहेब पाहते तर ओळखीचें हंसले असते! युनिकोडनें 1991 पासून अक्षराला एकसंध ओळख दिली. ओळ कोठें तोडावी हें एकेका ओळीपुरतें न ठरवितां अख्खा परिच्छेद पाहून ठरविण्याची रीत नूथ आणि प्लास यांनीं 1981 त मांडली होती, आणि 1999 त निघालेल्या इनडिझाइननें त्याच धर्तीची रीत उचलली. तरी शब्द तोडावयाची मुभाच न दिल्यास यंत्र तरी किती शहाणपण करणार?

दुसऱ्या दिवशीं आम्ही पुन्हा दुकानीं गेलों. "काका, डावीकडे घेतली तर ओळ रिकामी दिसेल," मुलगा म्हणाला. रिकामीच राहूं दे, असें आम्हीं सांगितलें. त्यानें एक कळ दाबली आणि दोन्ही शब्द जवळ आले. नवव्या पानावर आणखी एक ओळ तशीच फांकली होती. तेथें मात्र आम्हीं पदरचा एक शब्द घालून ती भरली. आई असती तर तिनें तो खोडला असता.